पश्चिमेच्या खिडकीला नेमकं काय लावावं? (सोलापूरचा उन्हाळा)

पारिजातक | ३ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. डोक्यावर आणखी एक बिऱ्हाड आहे, म्हणजे स्लॅबचा चटका थेट आम्हाला नाही. तरी आईची खोली दुपारी तीननंतर भट्टी होते. खोलीला एकच खिडकी, तीही पश्चिमेला. पाच फूट बाय चार फूट, अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग, साधी काच. वरचा छज्जा जेमतेम फूटभर. समोर मोकळा प्लॉट, त्यामुळे ऊन अडवायला झाड नाही की भिंत नाही.

आई ७६ वर्षांची, बीपीची गोळी चालू. एसीचा झोत तिला सोसत नाही, गुडघे धरतात. २७ वर ठेवून लावतो, पण तो दुपारभर दमच खात नाही. गेल्या मे महिन्यात ३०० युनिट ओलांडले आणि पुढच्या दराने बिल आलं.

परवा पडद्यांच्या दुकानात गेले. ब्लॅकआऊट पडदे, शिलाई आणि रॉड धरून ११ हजार सांगितले. 'ताई, दहा डिग्रीचा फरक पडेल' म्हणाले. सध्या चॉकलेटी रंगाचा जाड सुती पडदा आहे. दुपारी चारला त्याला हात लावला तर नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा लागतो.

खरंच दहा डिग्री उतरतं का? कुणी लावलेत का? काय अनुभव?

सातरस्ता | ३ एप्रिल, रात्री १०:०५

दहा डिग्री? मग महाबळेश्वरला कोण जाईल! ताई, अजून पैसे देऊ नका.

ओळंबा | ३ एप्रिल, रात्री ११:२०

पारिजातक, पडदा इस्त्रीसारखा गरम लागतो हे तुम्ही लिहिलंत, त्यातच तुमचं उत्तर आहे. मी बांधकामात ३४ वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ऊन काचेतून प्रकाशाच्या रूपात सहज आत येतं. आत येऊन ते पडद्यावर, फरशीवर, पलंगावर पडतं आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तू जी उष्णता फेकतात तिला मात्र काच वाट देत नाही. तुमचा चॉकलेटी पडदा ऊन अडवतो खरा, पण अडवतो कुठे? खोलीच्या आत. मग तोच रेडिएटर होतो. काच आणि पडदा यांच्यातली हवा तापून वरच्या फटीतून खोलीत उतरते, खालून गार हवा ओढली जाते, आणि हे चक्र दिवस मावळेपर्यंत चालतं.

हिशेब करून बघा. खिडकी २० चौरस फूट, म्हणजे १.८६ चौरस मीटर. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन धरा. साध्या काचेतून त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास आत येतं. म्हणजे जवळजवळ ९०० वॅट. आईंच्या खोलीत कुणीतरी इस्त्री चालू करून ठेवल्यासारखंच झालं. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो, त्यातला चौथा हिस्सा या एका खिडकीवर खर्च होतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ऊन काचेच्या बाहेर अडवा. आत लावाल तो पडदा दुसऱ्या नंबरचा. घ्यायचाच असेल तर काचेकडच्या बाजूला पांढरं अस्तर हवं, म्हणजे पडदा तापायच्या आत ऊन काचेतून परत जाईल. आणि वर पेल्मेट, म्हणजे पडद्याच्या रॉडवर बसवतात ती बंद पेटी हवी, म्हणजे ती गरम हवा वरून खोलीत सांडणार नाही.

माळवद | ४ एप्रिल, सकाळी ७:१५

ओळंबा काकांचा प्रतिसाद वाचून आजीची आठवण आली. अक्कलकोट तालुक्यात आमचं माळवदाचं घर होतं. दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती, भिंतीत एवढ्याशा खिडक्या, त्यांना आतून लाकडी झडपा. सकाळी नऊ वाजले की आजी एकेक झडप लावत जायची. दुपारी आत जवळजवळ अंधार, शेणानं सारवलेली जमीन, आणि आम्ही पोरं पालथी पडून झोपायचो. दिवेलागणीला सगळ्या झडपा उघड्या, त्या थेट सकाळपर्यंत.

आता आम्ही होटगी रोडला राहतो. पाच-सहा फुटांच्या काचा, आणि दिवसभर उघड्या, का तर 'हवा खेळू दे'. बाहेर ४२ डिग्री असताना कसली हवा खेळवायची? ती तर झळ. मी आजीचा नियम पुन्हा लावलाय: सकाळी साडेआठला सगळं बंद, रात्री आठनंतर सगळं उघडं. एक रुपया खर्च नाही, आणि दुपारी आत-बाहेर फरक हाताला कळतो.

गच्चीखाली | ४ एप्रिल, सकाळी १०:५०

थोडा वेगळा सूर लावतो. खिडक्यांचं एवढं काय घेऊन बसलालाव? आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, विजापूर रोडला. तीन वर्षांपूर्वी मी सगळ्या खिडक्यांना भारीतले रोलर ब्लाइंड लावले. फरक नावाला. रात्री अकराला छताला हात लावला तर हात मागे घ्यावा लागायचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आत उष्णता सोडत राहतो. मग गच्चीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा झोप लागली.

आधी छत, मग खिडकी. उलट्या क्रमाने पैसे घालवू नका.

ओळंबा | ४ एप्रिल, दुपारी १२:३०

गच्चीखाली, तुमच्या घरापुरतं शंभर टक्के मान्य. छतावर ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतं आणि क्षेत्रफळही मोठं. पण पारिजातक यांच्या डोक्यावर मजला आहे. त्यांच्या खोलीत उष्णता शिरायच्या वाटा दोनच, पश्चिमेची भिंत आणि पश्चिमेची खिडकी. नऊ इंची भिंत तापायला वेळ घेते, काच वेळ घेत नाही.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छताचा नियम वेगळा आहे आणि भिंती-खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेचा वेगळा: चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या आत. त्या हिशेबात खिडकीचा आकार, दिशा, काच आणि छज्जा हे सगळं धरतात. म्हणजे दोन्ही प्रश्न खरे आहेत, कुणाच्या घरात कुठला मोठा ते बघायचं.

वाळवंटातला_कूलर | ४ एप्रिल, दुपारी ३:१०

वाळ्याचा पडदा कुणी सुचवला कसा नाही? आपली हवा एप्रिल-मेत दुपारी अशी कोरडी ठणठणीत असते की ओला टॉवेल तासात वाळतो. वाळ्याचे तट्टे खिडकीला बाहेरून बांधा, पाणी शिंपडा. वास आणि गारवा दोन्ही.

शेळगीची_मावशी | ४ एप्रिल, दुपारी ४:००

आणि पाणी कुठून आणायचं रे बाळा? आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. उन्हाळ्यात प्यायचं पाणी भरून ठेवताना पिंपं पुरत नाहीत, पडद्यावर कुठलं शिंपडू?

वाळवंटातला_कूलर | ४ एप्रिल, दुपारी ४:२५

मावशी, बरोबर आहे तुमचं. पण पाण्याची ताकद बघा. एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ पाऊण युनिट विजेएवढी उष्णता ओढून घेतं. तासाला पाच-सव्वापाच लिटर पाणी उडालं तर एक टनाच्या एसीएवढं काम होतं. भांडी विसळलेलं, भाज्या धुतलेलं पाणीही तट्ट्यावर चालतं. मी आंघोळीचंही वापरलंय, पण साबणामुळे वाळा चिकट होतो. ते नको.

एक मात्र लक्षात ठेवा. कूलर किंवा ओला पडदा असेल तर समोरची एखादी खिडकी-दार किलकिलं हवंच, ओली हवा बाहेर जायला. सगळं बंद करून कूलर लावला की अंग चिकचिकतं आणि लोक कूलरला नावं ठेवतात. म्हणजे कूलरवाल्यांना माळवद यांचा 'सगळं बंद' नियम जसाच्या तसा चालणार नाही. ज्या बाजूला सावली आहे तिकडची खिडकी उघडी ठेवायची.

हातमाग | ४ एप्रिल, रात्री ८:४५

साखर पेठेतून लिहितोय. आमच्या घरात तीन पिढ्या चादरी विणल्या. सोलापुरी चादर हिवाळ्यात पांघरायची असं जग समजतं, आमच्याकडे ती उन्हाळ्यात खिडकीला जाते. खिडकीच्या वरच्या बाजूला दोन खिळे, त्यावर काठी, काठीवर चादर. जाड सूत, दोन्ही बाजूंनी नक्षी उठेल अशी घट्ट वीण, वाऱ्याची झळ आत येत नाही.

काकांचं वाचल्यावर आज एक प्रयोग केला. चादर गडद लाल होती. तिच्या मागे, काचेच्या बाजूला, जुनं पांढरं धोतर दुहेरी करून लावलं. चार वाजता चादरीला हात लावला, नुसती कोमट. काल याच वेळी चांगली तापली होती. अस्तराचं म्हणणं पटलं.

अवांतर: दुकानातून आणलेल्या ब्लॅकआऊट कापडाला मागे जो फोमसारखा थर असतो तो आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत भुकटी होऊन झडायला लागतो. सूत टिकतं.

पारिजातक | ४ एप्रिल, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. हातमाग दादा, धोतराची कल्पना उद्याच करून बघते.

पण एक अडचण आहे. आईला अंधार नको. दिवसभर त्याच खोलीत असते, खिडकीतून तिला प्लॉटमधली गाईगुरं, रस्ता, शाळेतून येणारी मुलं दिसतात. काल प्रयोग म्हणून चादर लावली तर म्हणाली, 'मला कोठीत घातल्यासारखं करू नका.' तिचं ऊन अडवताना तिचं बाहेरचं जगच अडतंय, हे मला नको आहे.

मिनेसोटाहून | ४ एप्रिल, रात्री ११:५०

मूळचा नवी पेठेतला, आता १४ वर्षं अमेरिकेत. इथे प्रश्न बरोबर उलटा. जानेवारीत बाहेर उणे २० असतं आणि घरातली ऊब काचेतून बाहेर पळते. म्हणून इथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे असलेले ब्लाइंड लावतात, कप्प्यांत हवा कोंडून राहते. इथल्या ऊर्जा विभागाच्या माहितीप्रमाणे ते नीट बसवले तर खिडकीतून जाणारी उष्णता ४० टक्के किंवा जास्त कमी होते, आणि उन्हाळ्यात आत येणारी उन्हाची उष्णता ६० टक्क्यांपर्यंत. पांढरं प्लॅस्टिक अस्तर लावलेल्या मध्यम रंगाच्या पडद्याला त्यांनी ३३ टक्के दिले आहेत. आणि बाहेरून ताडपत्रीसारखं छत लावलं तर पश्चिमेच्या खिडकीला ७७ टक्क्यांपर्यंत.

७७ आणि ३३. ओळंबा काका बाहेर-आत म्हणतात ते हेच. हे आकडे इथल्या घरांचे, इथल्या खिडक्यांचे आहेत, सोलापूरला जसेच्या तसे लावू नका, पण पहिला-दुसरा क्रम बदलणार नाही. पोळ्याच्या ब्लाइंडवर तिकडे पैसे घालू नका असं मला वाटतं. आपल्याला ऊब कोंडायची नाही, ऊन थोपवायचं आहे.

काचेचा_धडा | ५ एप्रिल, सकाळी ९:००

ऊन अडवायला काचेवर चिकटवतात त्या फिल्मबद्दल माझा अनुभव सांगून ठेवतो. काचेला आतून काळी फिल्म लावून घेतली, शिवाय आत जाड पडदा काचेला अगदी चिकटून. दुसऱ्या वर्षी मेमध्ये एका दुपारी काच कोपऱ्यापासून मधोमध तडकली. कुणी दगड मारला नव्हता. काळी फिल्म ऊन शोषते, काचेचा मधला भाग तापून फुगतो आणि चौकटीत दडलेली कड त्या मानाने थंड राहते. कडेला बारीक खोट असेल तर तिथून भेग निघते. लावणाऱ्याने हे काही सांगितलं नव्हतं.

लावायचीच तर परावर्तन करणारी घ्या, आणि काच-पडद्यात चार बोटं अंतर ठेवा. आणि दिवसा बाहेरून आतलं दिसत नाही म्हणून बेफिकीर राहू नका, रात्री दिवा लावला की सगळं उलटं होतं.

डाळिंबवाला | ५ एप्रिल, दुपारी १:१५

सांगोल्याकडे आमची बाग आहे. उन्हाळ्यात डाळिंबाच्या फळाला ऊन लागलं तर साल करपते, डाग पडतो, भाव जातो. म्हणून आम्ही झाडांवर शेडनेट टाकतो. हीच जाळी मी घराच्या पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून लावली आहे. ५० टक्के, ७५ टक्के, ९० टक्के अशा प्रतीत मिळते. आकडा म्हणजे किती ऊन अडतं तो.

पारिजातक ताई, तुमच्या आईंसाठी ७५ टक्क्यांची घ्या. आतून बाहेरचं चांगलं दिसतं, कारण बाहेर उजेड जास्त असतो. बारीक जाळीतून रस्ता, माणसं, गुरं सगळं कळतं. जाळी तापते, पण ती काचेच्या बाहेर तापते, वारा तिची उष्णता घेऊन जातो. ग्रीलला चिकटवू नका, काचेपासून वीतभर लांब राहील अशी बांधा. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मीटरवर मिळते. तुमच्या खिडकीला पाचशे रुपयांच्या आत काम होईल.

सातरस्ता | ५ एप्रिल, दुपारी १:३०

११ हजारांवरून पाचशेवर आलो! डाळिंबवाले मालक, तुमच्या बागेत येऊन हात जोडतो.

चौथा_मजला | ५ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

आमच्या सोसायटीत बाहेरून काही लावायला बंदी आहे, इमारत विद्रूप दिसते म्हणतात. मीटिंगमध्ये वाद झाला. अखेर असं ठरलं की सगळ्यांनी एकाच रंगाची, एकाच मापाची बांबूची चीक लावायची. आता पश्चिमेच्या बाजूला सोळा चिका एका रांगेत आहेत आणि इमारत उलट चांगली दिसते. चीक दोरीने गुंडाळता येते, हा तिचा मोठा फायदा. दोन वाजता सोडायची, साडेसहाला वर.

माझ्या दक्षिणेच्या दोन्ही खिडक्यांनाही मी उन्हाळाभर जाड पडदे ओढून ठेवते. बरोबर ना?

ओळंबा | ५ एप्रिल, रात्री ८:००

ताई, एप्रिलमध्ये दुपारपुरते ठेवा. मेच्या मध्यापासून मात्र त्या पडद्यांची उन्हासाठी गरज नाही.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायाशी गडप होते. तिथून जुलैअखेरपर्यंत सूर्य दिवसभर आपल्या उत्तरेकडूनच जातो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन पडतच नाही. उत्तरेच्या खिडकीत मात्र सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन येतं, आणि लोक म्हणतात, 'उत्तरेला कसलं ऊन?'

दक्षिणेचं ऊन हिवाळ्यात येतं. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतपर्यंत पोचतं. संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ते हवंसंच वाटतं, तेव्हा पडदे बाजूला सारा. त्या बाजूला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला मात्र छज्जा कितीही काढला तरी चारनंतरचं आडवं ऊन त्याच्या खालून शिरतं. तिथे उभंच काहीतरी हवं, जाळी, चीक किंवा झाड.

शेळगीची_मावशी | ५ एप्रिल, रात्री ८:४०

झाड लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या पश्चिमेला कडुलिंब आहे, सासऱ्यांनी लावलेला. पडदाच लागत नाही. पारिजातक, समोरच्या प्लॉटवाल्यांना विचारून कडेला एक लाव. तुझ्या मुलांना सावली मिळेल.

गच्चीखाली | ५ एप्रिल, रात्री ९:१०

मावशी, जोरदार अनुमोदन. आणि काका, खिडक्यांबद्दल मी घाईने बोललो. आमचे ब्लाइंड आतून होते, तेही राखाडी. छत पांढरं केल्यावर आता पश्चिमेला चीक लावून बघणार आहे.

पारिजातक | १६ मे, रात्री १०:१५

धागा वर काढते, कारण हिशेब द्यायचा आहे.

८ एप्रिलला ७५ टक्क्यांची शेडनेट आणली. खिडकीच्या बाहेर लोखंडी पट्टीचे दोन हात ठोकून काचेपासून नऊ इंचांवर बांधली. चॉकलेटी पडदा काढून त्या जागी पांढरं अस्तर लावलेला फिकट सुती पडदा, शिवून घेतला घरीच. स्लायडिंगच्या कडांना ब्रशची पट्टी बसवली, फटीतून झळ यायची ती थांबली. जाळी, पट्ट्या, सुतार, अस्तर मिळून २,१०० रुपये झाले. आणि सकाळी साडेआठचा नियम, माळवद यांच्या आजींचा.

साधा भिंतीवरचा थर्मामीटर लावून रोज संध्याकाळी पाचला लिहीत गेले. जाळीआधीचे चार दिवस ३७ ते ३८. जाळीनंतर, बाहेर तेवढंच ऊन असतानाही, ३४ ते ३५. दहा डिग्री नाही, तीन. पण आईला तेवढे तीन पुरले. आता दुपारी पंखा आणि टेबलफॅनवर भागतं, एसी रात्री तासभर. महिन्याचे युनिट २६० आले, गेल्या वर्षी याच महिन्यात ३१५ होते. सगळं श्रेय जाळीचं नाही, एसी कमी वापरला हेही त्यात आहे. पण तो कमी वापरता आला तो जाळीमुळेच.

आणि आई रोज चार वाजता खुर्ची खिडकीपाशी ओढून बसते. पूर्वी त्या वेळी ती खुर्ची स्वयंपाकघरात न्यावी लागायची.

एक नवीन प्रश्न: परवाच्या वळवाच्या वादळात जाळीचा एक कोपरा फाटून रात्रभर फडफडत होता. कसं बांधावं?

डाळिंबवाला | १६ मे, रात्री १०:४०

ताई, वाचून लई बरं वाटलं. कोपऱ्याला दोरी थेट जाळीतून ओवली असेल, म्हणून फाटली. चारी कडा दुमडून आत नायलॉनची पट्टी शिवून घ्या आणि तिला दर फुटावर पितळी रिंगा मारा, ताडपत्री शिवणारे मारून देतात. वरची बाजू पक्की बांधा. खालची बाजू सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा, म्हणजे वारा आला की जाळी ताणली जाईल आणि परत जागेवर येईल. आभाळ भरून आलं की खालच्या दोन गाठी सोडून जाळी वर गुंडाळायची.

पारिजातक | १७ मे, सकाळी ८:१०

ट्यूब मिळाली, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी पैसेही घेतले नाहीत. आज साडेआठच्या आत बांधते.